साळूचे ओठ

नाट्यवर्गाच्या सरांना मुलं पाठीमागे 'पुन्हासर' म्हणत. एखाद्यानं जीव तोडून रडून दाखवावं, स्वतःच्याच रडण्यावर खूश होऊन सरांकडे बघावं, आणि सरांनी पेन्सिल कानावर अडकवत म्हणावं, "छान. पुन्हा." मग त्या पोराचे खरे अश्रू यायचे.

शाळेतल्या सगळ्यात वरच्या वर्गांसाठी हा पुढचा अभ्यास होता. मोठ्यानं बोलणं, प्रेक्षकांकडे पाठ न करणं, पडद्यात पाय न अडकवणं, हे ज्यांना आधीच्या वर्षी जमलं त्यांनाच इथं घेत. वर्ग भरायचा जुन्या व्यायामशाळेत. छताला अजून चढायचे दोर लटकत होते, फरशीवर खडूनं दारं-खिडक्या आखलेल्या होत्या, आणि चार-दोन लाकडी खोकी कधी खाट व्हायची, कधी बस, तर कधी कोणाच्या साहेबाचं ऑफिस.

यंदाचं नाटक सरांनी स्वतःच लिहिलं होतं. त्यात शेजारीण, टपालवाला अशी किरकोळ माणसं सोडली तर एक मोठी बहीण आणि एक धाकटा भाऊ. भाऊ कायमचा परगावी निघालाय आणि ते सांगायला आलाय, पण तोंडातून शब्द फुटत नाही. म्हणून तो गळक्या छपराबद्दल बोलतो, नळाबद्दल बोलतो, शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल बोलतो. ताकास तूर लागू देत नाही. बहीण ऐकत राहते आणि शेवटी एवढंच म्हणते, "जेवून जा." हे दोन शब्द येण्याआधीच तिला सगळं उमगलेलं असतं. ते नेमकं केव्हा उमगलं, हे बघणाऱ्याला दिसलं पाहिजे. नाटक म्हणजे तेवढंच.

बहिणीचं काम साळूकडे होतं. साळू म्हणजे साळुंकी. कोणाचाही आवाज काढायची म्हणून लहानपणीच चिकटलेलं नाव. पुढं घरीदारी तेच चाललं. भावाचं काम करणाऱ्याला सगळे 'खांब' म्हणत. उंचीमुळे म्हणत, आणि पहिल्या वर्षी तो स्टेजवर ज्या रीतीनं उभा राहायचा त्यामुळेही.

त्या दिवशी पहिल्यांदाच दिवे लावून तालीम होती. खांबाचं लांबलचक भाषण निम्म्यावर आलं आणि मागच्या अंधारातून सरांचा आवाज आला.

"थांबा."

सगळे दचकले. 'पुन्हा'ची सवय होती, 'थांबा' नवीन होतं.

"साळू, तो बोलत असताना तू काय करतेस?"

"ऐकतेय, सर."

"ऐकत नाहीस. बोलतेयस."

"मी? सर, मी तर मूग गिळून बसलेय."

"गिळलेस ते ठीक. पण चावतेयस कशाला?"

वर्ग खिदळला. साळूला काही कळेना. कोपऱ्यात एक मुलगी पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसली होती. बाटली तिच्यापासून कधी सुटत नसे, म्हणून तिचं नावच 'बाटली' पडलेलं. साळूचं काम तिनंही पाठ केलं होतं. कोणी आजारी पडलं तर आयत्या वेळी उभं राहायला कोणीतरी लागतंच. ती सरळ बोलणारी होती.

"तुझे ओठ हलतात," बाटली म्हणाली. "खांबाचं प्रत्येक वाक्य तूही म्हणतेस. नुसता आवाज नसतो."

साळूनं ओठांवर हात ठेवला, जणू कोणीतरी तिच्या नकळत ते तिथं आणून लावले होते.

सर पुढं आले. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती. "हे बघ, साध्या उजेडात मलाही दिसलं नव्हतं. दिव्याखाली लपत नाही. दोन तोंडं एकच भाषण बोलायला लागली की लोक भाषण ऐकत नाहीत, तोंडं मोजतात. रंगीत तालमीपर्यंत ओठ मिटले तर काम तुझं. नाहीतर बाटली करेल."

ते गेल्यावर साळूनं बाटलीकडे पाहिलं. "तुला आनंद झाला असेल."

"खोटं कशाला बोलू? झाला," बाटली म्हणाली. "पण तोंड सुकलंय तुझं. पाणी घे."

*

साळूचे ओठ का हलत, हे समजायचं तर तिच्या घरात डोकावावं लागेल.

तिची आई यंत्रमागावर काम करायची. मागाची शेड एकदा चालू झाली की शेजारी भिंत कोसळली तरी कळू नये, असा खटखटाट. तिथं बायका ओरडून घसा फोडत नाहीत. मोठे मोठे ओठ करून बिनआवाजी बोलतात. हिच्या जावेचं भांडण तिला, तिच्या गुडघ्याचं दुखणं हिला, सगळं या टोकाच्या मागापासून त्या टोकाच्या मागापर्यंत ओठांवरूनच जातं. त्या मागांनी आईचे कान नेले. एखादा चोर रोज घरात शिरून एकेकच भांडं उचलतो, मग घरच्यांना पत्ता लागत नाही, तसं झालं. आधी पाखरांचा आवाज गेला, मग किटलीचा, मग दाराच्या कडीचा. साळू नीट वाक्यं बोलायला लागली तोवर तिचा आवाजही त्या गेलेल्या भांड्यांत जमा झाला होता.

आई ओठ फार छान वाचायची. पण एका वेळी एकाचेच, समोरून, उजेडात. आणि मिशी नसेल तर.

आता मिशी हे बाबांच्या रूपाचं मुख्य भांडवल होतं. गॅरेजात दिवसभर गाड्यांखाली झोपून काम करणारा माणूस, पण संध्याकाळी आरशासमोर मिशीला कंगवा फिरायचा म्हणजे फिरायचा. वरचा ओठ त्या मिशीखाली केव्हाच गडप झाला होता आणि खालचा कधीमधी दर्शन द्यायचा. आई पूर्वी सांगायची, "जरा कापा हो ते छप्पर, माणूस काय बोलतोय ते दिसू दे." बाबांनी हसण्यावारी नेलं. नंतर तिनंही सोडून दिलं, कारण साळू होती.

बाबा बोलत, आणि साळू आईसमोर बसून तेच ओठांनी बोले. पाहुणे आले की साळू पाहुण्यांच्या शेजारी. टीव्हीवर बातम्या लागल्या की साळू टीव्हीच्या शेजारी स्टूल टाकून. लहानपणापासून कोणी तोंड उघडलं की हिचे ओठ निघालेच, नळ सोडला की पाणी निघावं तसे. कानावर आलेला तीळही तिच्या तोंडात भिजत नसे.

आणि एक गोष्ट तिनं कोणाला सांगितली नव्हती. ती जसंच्या तसं पोचवत नसे. बाबा म्हणत, "मीठ टाकलंय की समुद्र उपसलाय?" साळूचे ओठ म्हणत, "बाबा म्हणतात, आज मीठ जरासं पुढं गेलं." आई हसून म्हणे, "उद्या तुम्ही टाका, कमी पडलं तर मी बोलणार नाही." बाबांना ते ऐकू जाई, तेही हसत, आणि घर शांत राही. एवढं शांत घर गल्लीत दुसरं नव्हतं.

त्या संध्याकाळी साळू घरी आली. तिच्या डोक्यात एकच घोळत होतं. नाटकाला आई येणार होती. पहिल्या रांगेत बसणार होती. खांबाचं तोंड अर्धा वेळ खिडकीकडे असतं. आईला त्याचा एक शब्द दिसणार नाही. साळूचे ओठ मिटले, तर आईपुढं अख्खं नाटक मिटलं. आणि नाही मिटले, तर काम बाटलीचं.

*

दुसऱ्या दिवशी सरांनी बाटलीची बाटली मागून घेतली.

"साळू, एक घोट तोंडात घे. गिळायचा नाही. खांब, सुरू कर."

ही युक्ती जुनी. तोंडात पाणी असलं की ओठ हलवायची सोय राहत नाही. खांबानं गंभीर चेहऱ्यानं सुरुवात केली, "ताई, यंदा छपराचं काहीतरी केलं पाहिजे," आणि साळूच्या गालांचे ते दोन फुगे बघून त्याला हसू फुटलं. ते बघून साळूला फुटलं. छप्पर गळलं ते खांबाच्याच अंगावर.

"छान," सदरा पुसणाऱ्या खांबाकडे बघत सर म्हणाले. "पुन्हा."

तिसऱ्या खेपेला साळूनं पाणी धरलं. आणि मग एक भलतंच झालं. खांब 'छपरा'वरून 'नळा'वर आला आणि थांबला. त्यानं साळूकडे पाहिलं. साळूचे ओठ बंद. त्यानं छताकडे पाहिलं. परत साळूकडे पाहिलं. त्याची दातखीळ बसली होती.

"नळ," बाटलीनं कोपऱ्यातून आठवण करून दिली.

"हो, नळ... नळाचं... नळाला काय झालं होतं?"

सर सावकाश खोक्यावर बसले. "खांब्या, तुला पाठ आहे ना?"

"आहे की सर! परवापर्यंत पूर्ण पाठ होतं."

"परवापर्यंत तू ते कुठून म्हणत होतास?"

खांबानं तोंड उघडलं, मिटलं आणि साळूच्या ओठांकडे बोट दाखवलं. त्याचं बोट खाली यायच्या आत मागून शेजारणीचं काम करणारी मुलगी म्हणाली, "सर, माझंसुद्धा तिथूनच." मग टपालवाल्याचं काम करणाऱ्यानंही मान हलवली.

सरांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे अख्खा वर्ग या मुलीच्या ओठांवर जेवतोय! आणि मी म्हणतोय, काय पाठांतर आहे पोरांचं!"

साळूनं पाणी गिळून टाकलं. तिला हसायला आलं आणि त्याच वेळी कुठंतरी बरंही वाटलं. "सर, मग राहू द्या ना माझे ओठ. सगळ्यांचीच सोय आहे."

"सोय आहे," सर म्हणाले. "नाटक नाही."

पाणी धरून पुढचे दिवस गेले. ओठ थांबायला शिकले. पण सरांचं समाधान काही होईना. "ओठ मिटले, पण तुझ्या तोंडावर लिहिलंय की त्याचं पुढचं वाक्य तुला माहीत आहे. तो छपराबद्दल बोलायच्या आधी तू वर बघतेस. ज्या बहिणीला सगळं आधीच ठाऊक, तिला कळणार काय?"

*

घरीही सराव करायचा असं साळूनं ठरवलं. रात्रीच्या जेवणाला ती ओठ घट्ट मिटून बसली. खुणेनं आईला सांगितलं, शाळेचं काम आहे. आईनं मान डोलावली.

बाबा ताटावर बसता बसता नेहमीचंच म्हणाले. कामावरून आलेल्या आईकडे पाहिलं की ते हे म्हणतच. "सोड बाई ते काम. कान घालवलेस, आता काय उरलंय घालवायला?"

एरवी साळूनं 'बाबा म्हणतात, दमलेली दिसतेस' असं करून दिलं असतं. आज ती नुसती बसली. आईनं साळूकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"काय म्हणालात?"

"काही नाही."

"मिशी हलली. काहीतरी म्हणालात."

बाबा पुन्हा म्हणाले. आईला दिसलं नाही. मग त्यांनी चिडून दोन्ही हातांनी मिशी वर धरली, एखादी बाई दाराचा पडदा वर धरते तशी, आणि एकेक शब्द तोंड वासून म्हणाले, "सोड! ते! काम!"

आईचा घास हातातच राहिला. "का म्हणून?"

"का म्हणून? रोज सांगतोय, रोज! वर्षं झाली! आणि तू रोज हसून म्हणतेस, 'चहा घेतला की बरं वाटेल'!"

आईनं हळूच मान साळूकडे वळवली. साळूनं ताटात बघायला सुरुवात केली, पण ताटात बघण्यासारखं फार नव्हतं.

"काय सांगत होतीस तू मला?"

"दमलीस, असं," साळू म्हणाली.

"आणि मिठाचं? माझ्या भावाचं? त्या दिवशी बाहेर जायचं रद्द केलं तेव्हाचं?"

"ते पण थोडं थोडं."

"थोडं थोडं काय?"

"गोड करून."

आईनं घास ताटात ठेवला. "चहा गाळतात तसा नवरा गाळून दिलास मला? चोथा ठेवलास कुठं?"

"तुम्ही भांडला असता, आई."

"भांडलो असतो तर भांडलो असतो! आमचं भांडण होतं ते. तुझं नव्हतं."

आणि मग ती दोघं भांडली. साळूच्या आयुष्यातलं पहिलंच पूर्ण भांडण. बाबा मिशी धरून बोलत होते, मध्येच हात दुखला की सोडत होते, आणि आई म्हणत होती, "वर करा, वर करा, दिसत नाही!" बाबा म्हणाले, उद्या हात मागात गेला तर? आई म्हणाली, "त्या शेडमध्ये कोणालाच काही ऐकू येत नाही. तिथं सगळ्या माझ्यासारख्याच बोलतात. दिवसभरात तेवढाच वेळ मी बहिरी नसते. तेही सोडू?"

बाबांचे हात खाली आले. हे त्यांना माहीत नव्हतं. कसं असणार? त्यांनी कधी नीट विचारलंच नव्हतं, आणि विचारलं असेल तर साळूनं भलतंच काहीतरी पोचवलं असेल.

या सगळ्यात साळू बघत होती ती आईला. बाबा बोलायला लागले की आईचे हात थांबत. हनुवटी किंचित वर येई. डोळे बाबांच्या तोंडावरून हलत नसत. पुढं काय येणार हे तिला जराही माहीत नसे, आणि जे येईल ते पहिल्यांदा डोळ्यांत पोचे, मग गालांत, मग खांद्यांत. साळूला वाटलं, मी आजवर आईकडे बघून किती बोलले. पण ती ऐकते कशी, हे कधी पाहिलं नाही.

सकाळी बाबा न्हाणीघरातून बाहेर आले तेव्हा मिशी गेली नव्हती, पण वरचा ओठ जगात आला होता. एक बाजू दुसरीपेक्षा वर होती. आईनं बघितलं आणि तोंडाला पदर लावून इतकी हसली की बाबांनी हातातली कात्री दाखवत विचारलं, "काय झालं?" साळूनं आपले ओठ दाताखाली धरले. आईला बाबांचे शब्द आता थेट दिसले होते.

*

तालमीत साळूनं घरचं शहाणपण बाहेर काढलं. खांब बोलायला लागताच हात थांबवले, हनुवटी वर केली, डोळे त्याच्या तोंडावर रोखले. टपालवाला म्हणाला, "काय ऐकतेय राव!"

सर म्हणाले, "फार छान ऐकते ही. कोण आहे?"

"म्हणजे?"

"ज्या बाईची तू नक्कल करतेयस ती."

साळुंकी पकडली गेली. "आई," ती म्हणाली, आणि मग सगळंच सांगून टाकलं: माग, मिशी, टीव्हीजवळचं स्टूल, आणि पहिल्या रांगेतली खुर्ची. "मी ओठ मिटले तर तिला काहीच कळणार नाही, सर. ती कशासाठी येणार मग?"

ऐकताना सरांनी कानावरची पेन्सिल काढली. ते कळवळले नाहीत, हे साळूला बरं वाटलं.

"तू तिला नाटक दाखवणार आहेस की नाटकाची बातमी देणार आहेस?"

"बातमीतून निदान कळेल तरी."

"कदाचित नाटकातूनही कळेल. कदाचित नाही. ते मी सांगू शकत नाही." त्यांनी पेन्सिल पुन्हा कानावर अडकवली. "पण आईला तिच्या खुर्चीत बसू दे. इथं तू ये. खांब्या, आजपासून छप्पर, नळ, कुत्रं, मनाला येईल त्या क्रमानं बोलायचं."

खांब ओरडलाच. "सर! एका क्रमानं पाठ होता होता नाकी नऊ आले!"

"म्हणूनच. पाठ केलेलं विसरतोस, मनातलं विसरणार नाहीस. त्या माणसाला एकच गोष्ट सांगायची नाहीये. बाकी काय वाटेल ते बोल."

त्या दिवशी साळू खोक्यावर बसली तेव्हा खांब कुठून सुरू करणार, तिला ठाऊक नव्हतं. ओठांना धरून चालायला काठी उरली नव्हती. खांबही चाचपडत होता, पण आता तो खरोखरच काहीतरी लपवणाऱ्या माणसासारखा चाचपडत होता. आधी नळ आला. मग अर्धं छप्पर. मग एकदम तो म्हणाला, "ते शेजाऱ्याचं कुत्रं येतं ना दाराशी, त्याला उरलंसुरलं तूच टाकत जा."

हे वाक्य साळूच्या ओठांवरून कितीदा गेलं होतं देव जाणे. ऐकलं आज. हा असं का म्हणतोय? हा नसेल तेव्हा कोण...

"जेवून जा," ती म्हणाली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा फार हळू.

वर्ग 'पुन्हा'ची वाट बघत होता. सरांनी फक्त घड्याळाकडे पाहिलं आणि सगळ्यांना घरी जायला सांगितलं.

रंगीत तालमीत साळूचे ओठ एकदा हलले, शेजारणीच्या वाक्याला. तिनं चटकन सरांकडे पाहिलं. पण सर टपालवाल्याच्या टोपीवर वैतागले होते. नंतर जाताजाता त्यांनी बाटलीला म्हटलं, "तू विंगेत संहिता घेऊन बसशील. कोणी अडखळलं तर शब्द द्यायचा." काम कोणाचं, हे त्यात आलंच.

बाटलीनं तोंड वाकडं केलं. "दुसऱ्या अंकातल्या त्या शेजारणीला तरी आजारी पडायला सांग," ती साळूला म्हणाली, आणि संहिता काखेत मारून विंगेतली खुर्ची पुसायला गेली.

*

प्रयोग दुपारचा होता. शाळेचं सभागृह भरलं होतं. आईबाप, भावंडं, मांडीवरची पोरं. पहिल्या रांगेत आई बसली होती, शेजारी तिरक्या मिशीचे बाबा. आईनं साळूला फक्त एवढंच विचारलं होतं, "कुठं बसू?" दुसरं काही नाही. आणि साळूनंही नाटकात काय आहे ते सांगितलं नव्हतं. चारदा सांगायला गेली आणि परत फिरली.

बहीण-भावाचा प्रवेश आला. खांब खिडकीशी गेला. नळाचं बोलला, लोक थोडे हसले. छपराचं बोलला. छान चाललं होतं. मग तो वळला, तोंड उघडलं आणि थांबला.

साळूला त्याचे डोळे दिसले. त्यांत काहीच नव्हतं, पुसलेल्या फळ्यासारखं. ते डोळे तिच्या चेहऱ्यावरून घसरत तिच्या ओठांवर आले आणि तिथं थांबले. सवय कुठं जाते?

वाक्य साळूच्या जिभेवर तयार होतं. ओठ जरा हलवायचा अवकाश, खांब वाचला असता. आणि समोर, दिव्यांच्या पलीकडे, आईलाही ते वाक्य मिळालं असतं. त्या सगळ्या प्रवेशातलं एकमेव जे कळायलाच हवं ते. विंगेत बाटली खुर्चीवरून अर्धी उठली होती. सभागृहात कोणीतरी खोकलं. साळूचा खालचा ओठ थरथरला.

ती खांबाच्या डोळ्यांत बघत राहिली. बघता बघता तिला पाठ असलेलं वाक्य मागं पडलं आणि समोर नुसता हा मुलगा उरला, ज्याला काहीतरी सांगायचं आहे आणि सांगता येत नाही. काय आहे? तिला खरंच वाटलं, विचारावं. काय आहे रे? ती थोडी पुढं झुकली.

खांबानं तिच्या ओठांवरून नजर उचलली. कुठं ठेवावी कळेना, म्हणून दाराकडे नेली.

"ते कुत्रं," तो म्हणाला. गिळलं. "मी नसलो तरी येईल ते. सवय झालीय त्याला."

संहितेत असं काही नव्हतं. बाटली हातातला कागद विसरून बघत राहिली. साळू ऐकत होती. खांबाच्या तोंडून ते निघालं, तिच्यापर्यंत पोचलं, आणि त्याला अजून पुढं बोलू द्यावं की नाही, हे तिला ठरवावं लागलंच नाही.

"जेवून जा."

मागच्या रांगेत एक लहान मूल मोठ्यानं म्हणालं, "तो जाणार आहे?" कोणीतरी त्याला गप्प केलं. पण हसलं कोणी नाही.

*

रंग पुसायच्या खोलीत गर्दी उसळली. सर खांबाला धरून विचारत होते की छपराचा उरलेला भाग त्यानं कुठं टाकला, आणि खांब म्हणत होता, "सर, गळून गेला." साळू तोंडावर अर्धी पुसलेली पावडर घेऊन दाराशी आली. आई तिथंच उभी होती. बाबा चपला शोधायला गेले होते.

"कळलं?" तिनं विचारलं.

आई विचार करून म्हणाली, "तुझा नवरा खिडकीतून सारखा काय बघत होता?"

"नवरा नाही गं! भाऊ!"

"भाऊ? अगंबाई. मग एवढा बिचकत कशाला होता? आणि ती दुसरी बाई, टोपल्या घेऊन येते ती, ती कोण?"

"शेजारीण."

"मला वाटलं सासू."

साळूचा चेहरा पडला. आईनं पदराच्या टोकानं तिच्या हनुवटीवरची पावडर पुसली.

"ते जाऊ दे," ती म्हणाली. "तो जाणार होता ना? कायमचा?"

साळू बघतच राहिली. "तुला कोणी सांगितलं? बाबांनी?"

"बाबा कुठले! ते तर डोळे पुसत बसले होते, तोंडच दिसेना. मला कळलं ते तुला कळलं तेव्हा. तू अशी पुढं झालीस," आई किंचित झुकली, "आणि मग तुझे खांदे खाली आले. मी म्हटलं, गेला हा. आता ही त्याला अडवणार नाही." तिनं साळूच्या कपाळावरचीही पावडर पुसली. "आजपर्यंत कुठंही गेले की मी तुझे ओठ बघत बसायची. पाहुणे काय म्हणाले, बातमी काय, सगळं तिथंच. त्याच्या आजूबाजूला तू आहेस, हे बघायला फुरसतच नव्हती."

बाबा चपला घेऊन आले. एक आईची होती, दुसरी कोणा परक्या बाईची. आईनं त्यांना परत पाठवलं.

"उद्याही आहे ना हे?" तिनं साळूला विचारलं.

"उद्या शेवटचा."

"मग उद्याही येते. त्या शेजारणीचं मला कळलंच नाही, आणि तो टोपीवाला कागद कशाला देऊन गेला तेही नाही." साळूचे ओठ उघडले तसं आईनं बोट वर केलं. "सांगू नकोस. मी बघते."